आधी पाणी, मग सॅक

रतनवाडी ते खिरेश्वर हा तीन दिवस-दोन रात्रींचा रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारा ट्रेक, ठरला की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, “सॅक किती लिटरची घेऊ?” या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात शेवटी मिळतं. आधी पाणी किती लागणार ते ठरतं, मग पाणी सोडून पाठीवर किती वजन शिल्लक राहतं ते कळतं, त्या शिल्लक वजनात बाकीचं सामान बसवायचं आणि जे जमलं त्याला पुरेल एवढी सॅक निवडायची. उलट्या क्रमाने गेलं की मोठी सॅक आधी आणली जाते आणि मोकळी जागा दिसली की माणूस ती भरतोच. सत्तर लिटरची सॅक अर्धी रिकामी ठेवून निघालेला माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही.

खालचा सगळा हिशेब सहा जणांचा, डिसेंबरातला आणि या वाटेचा आहे. पहिल्या दिवशी रतनवाडीतून रतनगड, तिथून मागे फाट्यावर येऊन कात्राबाई खिंडीतून कुमशेत. दुसऱ्या दिवशी कुमशेत ते पाचनई आणि संध्याकाळपर्यंत हरिश्चंद्रगड. तिसऱ्या दिवशी टोलार खिंडीतून खाली खिरेश्वर, तिथून खुबी फाट्यावर गाडी.

वजनाची मर्यादा आम्ही शरीराच्या वजनाचा पाचवा हिस्सा धरतो. साठ किलोंच्या माणसाला बारा किलो, तेही भरलेल्या बाटल्यांसकट. चौथा हिस्सा धरणारेही आहेत आणि सपाटीला तो चालूनही जातो. पण सह्याद्रीत चढाइतकाच उतार असतो आणि जास्तीच्या तीन किलोंची वसुली गुडघे उतारावर करतात. त्यात घसारा, म्हणजे पायाखाली सरकणारी सुटी माती-खडी, असला की पाय सरकल्यावर जड सॅक माणसाला मागे खेचते आणि तोल सावरायला हात कमी पडतात.

पाण्याचा हिशेब असा. डिसेंबरच्या हवेत सॅक घेऊन चालताना तासाला साधारण अर्धा लिटर पाणी लागतं. रतनगडाच्या फाट्यापासून कुमशेतपर्यंत, थांबे धरून, सहा तास आम्ही मोजतो आणि वाटेत पाणी मिळेल असं गृहीत धरत नाही. ओढे दिसतात, पण डिसेंबरात कुठला वाहता आणि कुठला नुसता ओला हे त्या वर्षीच्या पावसावर असतं. म्हणजे तीन लिटर चालण्याचं आणि एक लिटर वाट चुकली तर. चार लिटर, चार किलो. हा शेवटचा लिटर गावाच्या पहिल्या घराशी पोहोचेपर्यंत उघडायचा नाही. एप्रिल-मेमध्ये हाच हिशेब सहा लिटरवर जातो आणि मग दुसरं बरंच काही घरी ठेवावं लागतं.

बाटल्या एक-एक लिटरच्या चार, साध्या, कोल्ड्रिंकच्या जाड प्लास्टिकच्या. एक बाटली पस्तीस-चाळीस ग्रॅम भरते. स्टीलची चांगली बाटली रिकामीच तीन-चारशे ग्रॅम भरते, दुहेरी भिंतीची तर त्याहून जास्त. म्हणजे तशा चार घेतल्या की दीड लिटर पाण्याचं वजन नुसतं भांड्यात गेलं. दोन लिटरच्या दोन बाटल्याही नकोत. एक फुटली तर अर्धं पाणी गेलं, आणि अर्धवट भरलेली मोठी बाटली सॅकमध्ये डुचमळत राहते. नळीची पाण्याची पिशवी काहींना आवडते. आमची तक्रार एवढीच की पाणी किती उरलंय ते दिसत नाही. चालता चालता चोखत राहायचं आणि खिंडीत नळीतून हवा यायला लागली की कळायचं.

पाणी कुठे भरायचं यावर पहिल्या दिवसाचं सगळं अवलंबून असतं आणि इथे बहुतेक ग्रुप चुकतात. रतनवाडीतून जंगलातून चढताना एका फाट्यावरून एक वाट शिड्यांकडे, गडावर जाते आणि दुसरी कात्राबाई खिंडीकडे. गड बघून परत याच फाट्यावर यायचं असल्यामुळे सॅक इथेच ठेवून मोकळ्या अंगाने वर जावं असं वाटतं. विचार बरोबर आहे, पण त्याच्या दोन अटी आहेत. पहिली, गावातूनच चारही बाटल्या भरून निघायला हवं, कारण गडावरच्या, कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यावर रिकाम्या बाटल्या भरू असं म्हणून दोन लिटरवर निघालात तर सहा जणांचं पाणी शिड्यांवरून खाली आणावं लागतं. त्यापेक्षा गावात पोटभर पाणी पिऊन, चार भरलेल्या बाटल्या घेऊन फाट्यापर्यंत चढणं सोपं. वर जाताना प्रत्येकाने एकच बाटली न्यायची, ती प्यायची आणि टाक्यावर भरून आणायची. दुसरी अट माकडांची. सॅकची चेन उघडणं त्यांना जमतं, आणि चेन अडली तर ती कापड फाडतात. एकाने फाट्यावर थांबायचं. थांबायला कुणी तयार नसेल तर सॅक वर घेऊन जायच्या.

वर न्यायच्या असतील तर शिड्यांचा विचार पॅकिंगमध्येच व्हायला हवा. कॅरीमॅट, म्हणजे झोपायची फोमची मॅट, सॅकच्या तळाला आडवी बांधायची जी पद्धत आहे ती शिडीवर गोत्यात आणते. गुंडाळी दोन्ही बाजूंना सॅकच्या बाहेर येते आणि शिडीच्या कठड्यात, झाडीत, दरवाजाच्या कोपऱ्यात अडकते. पुढे जायला जोर लावला की माणूस मागे ढकलला जातो. मॅट उभी बांधावी, सॅकच्या एका कुशीला. त्याहून उत्तम म्हणजे ती आतच गोल उलगडून नळीसारखी लावावी आणि तिच्या पोकळीत सामान भरावं. सॅकला आकार येतो, टोप पाठीत टोचत नाही आणि मॅट पावसात भिजत नाही. बाहेर लटकणारं काहीही नको. कप, चप्पल, ओला टॉवेल, सगळं आत.

टाक्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पीत नाही. आधी सुती कापडाच्या चार पदरांतून गाळायचं, गढूळ असेल तर थोडं निवळू द्यायचं, मग क्लोरीनची गोळी किंवा थेंब पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकायचे आणि अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात गोळीचा जोर गाळावरच खर्च होतो, म्हणून गाळण्याची पायरी चुकवायची नाही. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. सी जीवनसत्त्व असलेली सरबताची पावडर किंवा लिंबू त्याच वेळी पाण्यात टाकलं तर क्लोरीन निकामी होतं. गोळी टाकून अर्धा तास झाल्यावर मग काय ते सरबत. गडावर कुठल्या टाक्याचं पाणी पिण्याचं आहे हे दुकानवाल्या मामांना विचारावं. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी थंडगार आणि मोहात पाडणारं आहे, पण त्यात लोक उतरतात. ते प्यायचं नाही.

तर चार किलो पाणी आणि दीडशे ग्रॅम बाटल्या. बारातून ते वजा केलं की उरतात पावणेआठ किलो. इथून पुढे प्रत्येक वस्तू काट्यावर. बॅग मोजायचा हुकाचा काटा आणि स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा, दोन्ही लागतात. “हे काय, हलकं तर आहे” या वाक्याने जेवढी सॅक जड होते तेवढी दुसऱ्या कशानेही होत नाही.

झोपायचं सामान. हरिश्चंद्रगडावर डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो आणि कोकणकड्यावरून वारं येतं. तेव्हा पाच अंशांपर्यंत चालणारी, साधारण बाराशे ग्रॅमची स्लीपिंग बॅग लागतेच. दोन चादरी आणि एक शाल घेतली तर वजन जवळपास तेवढंच होतं आणि थंडी निम्मीही अडत नाही. घोंगडीवर प्रेम असलेले जुने ट्रेकर आहेत आणि घोंगडी उबदार आहे यात वाद नाही, पण ती कोरडीच दोन किलोंच्या घरात जाते. भिजली तर विचारूच नका. कॅरीमॅट तीनशे ग्रॅमची. मॅट आरामासाठी असते असा समज आहे. खरं तर ती थंडीसाठी लागते. दगडी फरशीवर झोपलं की स्लीपिंग बॅगचा खालचा भाग अंगाखाली चेपला जातो आणि त्यातली ऊब देणारी हवाच निघून जाते. म्हणून मॅट घरी ठेवून दोनशे ग्रॅमचा स्वेटर जास्त घेणारा रात्रभर कुडकुडतो. दोन्ही मिळून दीड किलो.

कपडे बाराशे ग्रॅम, आणि यातलं पाऊण वजन गरम कपड्यांचं. चालताना अंगावर एक जोड. सॅकमध्ये झोपायचा कोरडा जोड, फ्लीसचं जॅकेट, पातळ विंडचीटर, कानटोपी आणि मोज्यांचे दोन जोड. झोपायचा जोड संध्याकाळी मुक्कामावर पोहोचल्यावरच काढायचा आणि सकाळी परत आत. दुसऱ्या दिवशी कालचा घामट शर्ट घालायला जिवावर येतं हे खरं, पण पाच मिनिटांत अंग तापतं. कोरडा जोड सकाळी घातला तर रात्री थंडीत घालायला ओलाच उरतो. जीन्स नको. चारशे-पाचशे ग्रॅम तर असतेच, शिवाय भिजली की दिवसभर वाळत नाही आणि मांड्यांना घासते. मोजे मात्र एक जोड जास्त झाला तरी हरकत नाही. पायाला फोड येतात ते बुटापेक्षा ओल्या मोज्यांमुळे.

खाण्याचा निर्णय गेल्या काही वर्षांत पार बदललाय. पूर्वी तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, कुकर, रॉकेलचा स्टोव्ह असं सगळं पाठीवर जायचं. आता कुमशेत, पाचनई, खिरेश्वर या गावांमध्ये घरगुती जेवण मिळतं आणि हरिश्चंद्रगडावर मंदिराच्या आसपास पिठलं-भाकरी मिळते. रात्रीची दोन्ही जेवणं तिथे घेतली तर माणशी दीड किलो वाचतं आणि पैसे गावात राहतात. पण आधी फोन करून माणसं आणि वेळ सांगायची. आडवारी गडावरची दुकानं बंद असू शकतात, आणि रात्री आठला सहा जण अचानक उगवले तर कुणाच्याही घरी पीठ तयार नसतं. म्हणून सहा जणांना एक वेळ पुरेल एवढा खिचडीचा शिधा सोबत असतोच. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, चाळीस ग्रॅम मूगडाळ आणि दहा ग्रॅम मसाला-मीठ-हळद, घरीच एकत्र करून, एकूण नऊशे ग्रॅम. डाळ मुगाचीच, कारण ती कुकरशिवाय शिजते. तुरीची डाळ घेतली तर गॅस संपतो आणि डाळ टणकच राहते.

दुपारची तीन जेवणं शिदोरीची. दशम्या. दुधात मळलेल्या, वेळेला चार, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम. डिसेंबरात त्या तिसऱ्या दिवसापर्यंत टिकतात, पण नीट गार केल्या तरच. तव्यावरून उतरवून एकावर एक रचल्या की वाफ धरते आणि दुसऱ्या संध्याकाळी बुरशीचा वास येतो. प्रत्येक दशमी सुटी पसरून पूर्ण गार करायची, मग सुती फडक्यात आणि वरून कागदात. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, तिच्यात घाम धरतो. सोबत शेंगदाण्याची किंवा लसूण-सुक्या खोबऱ्याची कोरडी चटणी. ओलं खोबरं, चिरलेला कांदा, उकडलेला बटाटा यांतलं काहीही नको. पहिल्या दुपारनंतर त्यांचा भरवसा नाही. लोणचं न्यायचंच असेल तर तेल निथळून, घट्ट फिरकीच्या डबीत. लोणच्याचं तेल स्लीपिंग बॅगेला लागलं की तो वास दहा ट्रेक पुरतो. चालता चालता खायला रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम गूळ-दाणे, चिक्की, खजूर, आणि एक पुडा भडंग. सगळं मिळून माणशी सव्वा किलो.

चहावर तडजोड नाही. पाच वेळा सहा जणांना म्हणजे तीस कप. कपाला दहा ग्रॅम साखर, बारा ग्रॅम दूध पावडर, तीन ग्रॅम चहा. एकूण साडेसातशे ग्रॅम. हे वेळेप्रमाणे पाच पुड्यांत बांधायचं, एका पुडीत सहा कपांचं सगळं एकत्र. अंधारात, थंडीत, वाऱ्यात तीन डब्यांची झाकणं उघडत बसावं लागत नाही.

आता गॅस. फिरकीचा छोटा बर्नर आणि २३० ग्रॅम गॅसचा डबा. वारा अडवलेला असेल तर एक लिटर पाणी उकळायला पंधरा ग्रॅमच्या आसपास गॅस जातो, चहा उकळून मुरवायचा म्हटलं तर वीस. तीस कप म्हणजे साडेचार लिटर, नव्वद ग्रॅम. खिचडीची वेळ आलीच तर साठ-सत्तर. एक डबा पुरतो आणि उरतो. दुसरा डबा, म्हणजे पावणेचारशे ग्रॅम, घरी. वारा अडवायला बर्नरला चहूबाजूंनी पत्रा गुंडाळायचा नाही. आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूला, डब्याला हवा लागली पाहिजे. गुंडाळला तर उष्णता डब्यावर परतते आणि डबा तापतो. डब्याला अधूनमधून हात लावून बघायचा, गरम लागला तर बंद. रेल्वेत गॅसचे डबे न्यायला मनाई आहे, त्यामुळे कसाऱ्यापर्यंत लोकलने यायचं असेल तर आधी बघा. खासगी गाडीने येणाऱ्यांकडे डबा सोपवायचा किंवा गॅसच वगळून पूर्ण भिस्त गावांवर ठेवायची. जंगलातली चूल हा तिसरा पर्याय आम्ही धरत नाही. रतनगडापासून हरिश्चंद्रगडापर्यंतचा हा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि डिसेंबरात गवत पूर्ण वाळलेलं असतं. एक ठिणगी पुरे.

अभयारण्याचा विषय निघालाच आहे तर कोयत्याबद्दल. “जंगलात जातोय, कोयता हवा” असं म्हणणारा एक तरी असतो. वाट मळलेली आहे आणि आपण शिकारीला निघालेलो नाही. झाडं तोडायची नाहीत, मग सातशे ग्रॅम लोखंड कशाला? कांदा, दोरी आणि पट्टी कापायला घडीचा छोटा चाकू पुरतो.

सामायिक सामानात याखेरीज दोन ॲल्युमिनियमचे टोप, झाकणं, पळी आणि पक्कड मिळून पाऊण किलो. ताडपत्री तीन बाय चार मीटरची, ९० जीएसएमची (चौरस मीटरला ९० ग्रॅम), एक किलोच्या थोडी वर. जाड, ‘मजबूत’ ताडपत्री दुकानदार गळ्यात मारतो, ती याच मापात दोन-अडीच किलो भरते. ताडपत्री खाली अंथरायला, आणि अवकाळी पाऊस आलाच तर डोक्यावर.

दोर. या वाटेवर शिड्या आणि रेलिंग असल्यामुळे चढाईचा दोर लागत नाही. साडेदहा मिलिमीटरचा तीस मीटर दोर दोन किलोंचा असतो आणि तो फक्त फोटोत शोभतो. आम्ही आठ मिलिमीटरचा, डोंगरातल्या कामासाठी बनलेला वीस मीटर दोर घेतो, आठशे ग्रॅम. उतारावर हाताला आधार, सॅक खाली सोडणं, ताडपत्री ताणणं यासाठी. पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी तो नाही, हे सगळ्यांना निघतानाच सांगायचं. हार्डवेअरच्या दुकानातला निळा-पिवळा नायलॉनचा दोर मात्र कुठल्याच कामाला नको. तो किती वजन पेलेल हे कुठे लिहिलेलं नसतं, उन्हात कुजलेला वरून दिसत नाही आणि त्याच्या गाठी घसरतात.

औषधांची पेटी सहाशे ग्रॅम, सहा जणांत एकच. प्रत्येकाने आपली वेगळी आणली तर क्रोसिनच्या सहा पट्ट्या होतात आणि क्रेप बँडेज एकही नसतं. क्रेप बँडेज दहा आणि पंधरा सेंटिमीटर रुंदीचं एक-एक, निर्जंतुक गॉझ, चिकटपट्टी, जंतुनाशक, तापाच्या आणि अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, आणि ओआरएसची मोठी पाकिटं सहा. हे मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं तर क्षारांचं प्रमाण दुप्पट होतं आणि फायद्याऐवजी त्रास होतो. टाचेला फोड येण्याआधी जी जागा गरम लागायला लागते, तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची. ‘मुक्कामावर बघू’ म्हटलं की फोड आलाच. सर्पदंशासाठी पेटीत काही नसतं आणि नसावंच. ब्लेड, दोरी आवळून बांधणं, चोखणं यांनी नुकसानच होतं. हातपाय न हलवता आधार देऊन स्थिर ठेवायचा, अंगठी-कडं-घड्याळ काढायचं, आणि डोली करून माणसाला गावात व तिथून प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात. १०८ ला फोन रेंज मिळेल तिथून. ताडपत्री आणि दोर इथेही कामाला येतात. अत्तर आणि उग्र वासाचे स्प्रे घरी, कारण कड्यांना आग्या मोहोळ असतं.

सामायिक सामान आता मोजून बघा. बर्नर दोनशे, डबा तीनशे ऐंशी, भांडी साडेसातशे, खिचडी नऊशे, चहा साडेसातशे, ताडपत्री एक किलो, दोर आठशे, पेटी सहाशे. एकूण पाच किलो तीनशे ऐंशी ग्रॅम. माणशी नऊशे. वाटप वजनाने करायचं, ‘एकाला एक वस्तू’ असं नाही, आणि चालायला कमजोर असलेल्याला खाण्याचं सामान द्यायचं, कारण ते रोज हलकं होतं. औषधपेटी मात्र सगळ्यात मागे चालणाऱ्याकडे. दुखापत झालेला नेहमी मागे राहतो, आणि पेटी पुढे गेलेली असते.

किरकोळ सामान आठशे ग्रॅमच्या आत. डोक्याला लावायचा टॉर्च, त्यातला एक सेल उलटा घालून ठेवायचा म्हणजे सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन तो जळत राहत नाही. मोबाईलच्या टॉर्चवर भागेल असं म्हणणाऱ्याचा एक हात कायम अडकलेला राहतो. पॉवर बँक १०,००० एमएएचची, दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त वीजच प्रत्यक्ष फोनमध्ये जाते, तेव्हा फोन विमान मोडवर आणि नकाशा आधीच उतरवून घेतलेला. शिट्टी गळ्यात, सॅकमध्ये नव्हे. अडचणीत मिनिटाला सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबून परत. ताटली, मग, टूथब्रश, साबणाचा तुकडा, कचऱ्याला पिशवी. आणि सुट्ट्या नोटा. रेंज नसली की फोनवरून पैसे देता येत नाहीत आणि पाचशेची मोड गावात कुणाकडे असेलच असं नाही. ब्लूटूथ स्पीकर यादीत नाही, आणि वजनाचं कारण त्यात सगळ्यात शेवटचं.

आता सॅक. बाटल्यांसकट पाणी ४.१५, झोपणं १.५, कपडे १.२, खाणं १.२५, सामायिक ०.९, किरकोळ ०.८. बेरीज ९.८ किलो. बारा किलोंच्या मर्यादेत सॅकला दोन किलो उरतात. दीड-पावणेदोन किलोंची, पन्नास ते पंचावन्न लिटरची सॅक बसते. आम्ही १.६ किलोंची धरली तर एकूण ११.४. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर हे असं शेवटी निघतं.

लिटरपेक्षा पाठीचं माप महत्त्वाचं. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जो मणका सगळ्यात वर येतो तिथून, कमरेच्या हाडांवर हात ठेवल्यावर अंगठे मागे ज्या रेषेत येतात तिथपर्यंत टेपने मोजायचं. सहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि साडेपाच फुटीची लांब असू शकते, म्हणून उंचीवरून सॅक घेऊ नये. दुकानात रिकामी सॅक घालून बघण्यात अर्थ नाही. आठ-दहा किलो वजन भरायला सांगा. सगळे पट्टे सैल करून आधी कमरपट्टा, तो कमरेच्या हाडांवर अर्धा वर अर्धा खाली असा. मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे हलके ओढायचे, शेवटी छातीचा. कमरपट्टा पोटावर बांधला की वजन खांद्यांवर येतं आणि श्वासही कोंडतो. बरोबर बसला असेल तर खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकतं.

भरताना आधी आत मोठी जाड प्लास्टिकची पिशवी. पावसाळी कव्हर बाहेरून कितीही चांगलं असलं तरी पाठीच्या बाजूने पाणी आत झिरपतं. तळाला स्लीपिंग बॅग आणि झोपायचा जोड. त्याच्यावर, पाठीला चिकटून, दोन भरलेल्या बाटल्या, टोप आणि शिधा, म्हणजे सगळं जड सामान खांद्याच्या पात्यांच्या मध्ये आणि पाठीजवळ. त्याच्या पुढे हलके कपडे ठासायचे. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की सॅक मागे ओढते आणि माणूस दिवसभर कमरेत वाकून चालतो. तळाला गेली तर प्रत्येक पावलाला ढुंगणावर आपटते. उरलेल्या दोन बाटल्या दोन बाजूंना, आणि पिताना एकदा डावीकडची, एकदा उजवीकडची. वरच्या कप्प्यात टॉर्च, विंडचीटर, दुपारची दशमी, टॉयलेटचं सामान. अंधार पडल्यावर टॉर्च शोधायला टॉर्च लागू नये. भरून झालं की घरातून खाली उतरून पुन्हा चार मजले चढायचे, पायात ट्रेकचेच बूट. काय टोचतं, काय वाजतं, कुठला पट्टा घसरतो ते तिथेच कळतं.

परत आल्यावर सॅक जमिनीवर उलटी करून तीन ढीग. वापरलेलं, न वापरलेलं, आणि न वापरलेलं पण पुन्हा न्यायचंच असलेलं. तिसऱ्या ढिगात औषधपेटी, दोर, शिट्टी, खिचडीचा शिधा एवढंच. दुसरा ढीग पुढच्या वेळी घरी राहतो, आणि दर वेळी त्यात निदान एक शर्ट निघतोच. मॅट आणि स्लीपिंग बॅग उलटी करून वाळत घालायची, पिशवीत गच्च कोंबून कपाटात ठेवायची नाही, नाहीतर भरण चेपतं आणि ऊब जाते. खिचडीचा शिधा उघडून घरी शिजवून टाकायचा, पुढच्या ट्रेकला ताजा बांधायचा. गॅसचा डबा काट्यावर ठेवायचा. रिकामा डबा साधारण दीडशे ग्रॅमचा असतो, तेवढे वजा करायचे आणि उरलेले ग्रॅम मार्करने डब्यावर लिहून ठेवायचे, तारखेसकट.